पाळतीचा डबा

५ जून

खारे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. तुझा डबा पोचला. पोस्टमनने तो दोन्ही हातांनी असा धरून आणला की जणू आत साप आहे. उघडला तर साबणाच्या डबीएवढा, पांढरा, पुढे एक फुगीर डोळा आणि बाजूला लाल दिवा. खालच्या शिलाईवाल्या मास्तरांनी वर येऊन तो स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला ठोकून दिला. ठोकताना मला म्हणाले, "आता आजी, नातीची नजर आहे हं तुमच्यावर." मी म्हटलं, नजर ठेवण्यासारखं काही करायचं वय होतं तेव्हा कुणी ठेवली नाही.

मला समजलं ते असं. चुकत असेन तर सांग. मी त्या दारातून आले-गेले की डबा मोजतो. सकाळी सहा ते दहा मी एकदाही दिसले नाही तर तो तुझ्या आणि तुझ्या बापाच्या फोनवर बोंब मारतो की म्हातारी पडली. मग तुझा बाप मास्तरांना फोन करतो आणि मास्तर किल्ली घेऊन धावतात. हे तीन महिने करून बघायचं. डब्याने तीनदा खोटी बोंब मारली तर डबा नालायक, आणि मी माझ्या दोन खोल्या सोडून तुझ्या बापाकडे अकराव्या मजल्यावर राहायला जायचं.

म्हणजे चुकणार डबा आणि बिऱ्हाड हलणार माझं. हा न्याय तुझ्या बापानेच काढलेला असणार. लहानपणी खेळात हरायला लागला की असेच नियम काढायचा. मी गेल्या हिवाळ्यात पडले, एकदा. तो दिवसाला दहादा पडायचा, मी त्याला कुणाकडे पाठवून दिला नाही.

फोन करू नकोस. कानातल्या मशीनला फोन लावला की शिट्टी वाजते आणि तुझ्या बोलण्यातलं फक्त "आजी" कळतं. पत्र लिही. अक्षर मोठं काढ.

आजी

१२ जून

आजी,

नमस्कार वाकूनच करायचा होता, पण टेबलापासून जमिनीपर्यंत तारा पसरल्यात, वाकले तर पायात रुततील.

नियम तुला बरोबर समजलेत. बाबांना मी खूप समजावलं, पण ते म्हणाले की एक तर डबा, नाही तर अकरावा मजला. म्हणून मी स्वतः डबा बनवला. दहा वर्षं मी प्रोग्राम लिहितेय आणि आजवर हातात धरता येईल अशी एकही वस्तू केली नव्हती. दीड महिना व्हिडिओ बघून इलेक्ट्रॉनिक्स शिकले. पहिल्या आठवड्यात चार दिवे जाळले. प्रोग्रामात चुकलं की दोन पावलं मागे जाता येतं. इथे चुकलं की आधी वास येतो आणि मग कळतं.

खरं सांगू? घरातल्या प्रत्येक वस्तूला अक्कल द्यायला निघालेत ते मला पटत नाही. ऑफिसातल्या एकाचा फ्रिज त्याला निरोप पाठवतो की दूध संपलंय. दार उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं. तुझा डबा वेगळा. तो एकच काम करतो. एकच काम करणाऱ्या वस्तू मला आवडतात.

गेमचंही तेच झालंय. हल्लीचे गेम माणसाला पडूच देत नाहीत. इकडे जा, हे दाब, शाब्बास! मी अजून जुने खेळते, ज्यात खड्ड्यात पडून पडूनच खड्डा कुठे आहे ते कळतं. माझं मत असं की शिकायचं असेल तर पडू दिलं पाहिजे.

आता वाईट बातमी. मंगळवारी आणि काल, डब्याने दोनदा खोटी बोंब मारली. चूक प्रोग्रामात होती, मला सापडली, इथूनच दुरुस्त करून पाठवली. तुला काही करायचं नाही. बाबांनी मोजून दोन बोटं दुमडलीत.

तुझी खार

१७ जून

खारे,

दोन्ही वेळा काय झालं ते मीच लिहिते, कारण तुझा बाप त्याच्या सोयीचं सांगेल.

मंगळवारी सहाला उठून मी चहा केला, म्हणजे त्या दारातून चार वेळा तरी गेले. दहाला न्हाणीघरात होते. बाहेर धाडधाड. मास्तर, मागे मास्तरीणबाई, त्यांच्यामागे समोरचे क्लॅरिनेट शिकवणारे, हातात क्लॅरिनेट तसंच.

"आजी! जिवंत आहात ना?"

"नाही," मी म्हटलं. "टॉवेल द्या."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. पुन्हा तेच तिघे. त्या क्लॅरिनेटवाल्याला आता दहा वाजता दुसरा उद्योगच राहिलेला नाही.

मी विचार केला, डब्याने मला पाहिलेलं असताना तो विसरतो कसा? म्हणून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. वारा आला, दार आपटलं, लाल दिवा विझला, परत लागला. सकाळभर बसून होते. दार सतरा वेळा आपटलं, दिवा अकरा वेळा विझला. तुझा डबा दार आपटलं की बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा मला ओळखत नाही.

आणि तुझं ते मत वाचलं, की शिकायचं तर पडू दिलं पाहिजे. मग मी पडू नये म्हणून डबा कशाला पाठवलास?

आजी

२३ जून

आजी,

टॉवेलचं वाचून ऑफिसात इतकी हसले की सगळे माना वळवून बघायला लागले.

पडण्याच्या मुद्द्यावर तू जिंकलीस. पुढे जाऊया.

दाराचा मात्र काही संबंध नाही गं. तुला तसं वाटणं साहजिक आहे, दोन गोष्टी एका वेळी घडल्या की आपलं मन त्या जोडतं. डबा मध्येच बंद होऊन चालू होतो हे खरं, पण ते प्रोग्राममुळे. मी आता साठ ओळी वाढवल्यात. बेशुद्ध पडला तरी आधीचा आकडा त्याला आठवेल. दोन रात्री घालवल्यात त्यावर. फार सुंदर झालंय, तुला दाखवता आलं असतं तर!

कृपा करून डबा उघडू नकोस. आत नाजूक काम आहे.

तुझी खार

२८ जून

खारे,

डबा उघडला.

नाजूक काम बघितलं. शेळीच्या लेंड्या आहेत.

तू मला साहजिक वाटण्याबद्दल लिहिलंस, आता मी लिहिते. रेडिओच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. चाळीस बायका एका रांगेत, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न, समोरून पट्टा सरकतोय. प्रत्येक पाटीवर, म्हणजे रेडिओच्या आतल्या सर्किटवर, कथलाचे नऊ टाके घालायचे, मग पाटी पुढे. रांगेच्या टोकाला तपासनीस बसायचा. रेडिओ चालू ठेवून तो पाटीवर पेन्सिलीच्या मागच्या रबराने टकटक करायचा. कुठे खरखर झाली की तो टाका कच्चा. आम्ही त्याला ड्राय म्हणायचो. पाटीवर जिचा नंबर असेल तिच्याकडे ती परत यायची, सगळ्यांच्या देखत. माझा नंबर सत्तावीस. शेवटच्या अकरा वर्षांत माझ्याकडे एकच पाटी परत आली आणि तीही माझी नव्हती, बत्तीस नंबरवालीने माझा नंबर घातला होता. तिच्याशी मी चार वर्षं बोलले नाही.

तर तुझी चूक ऐक. तू कथील वितळवून वरून थेंब टाकतेस. ते चिकटल्यासारखं दिसतं, पण आत धरलेलं नसतं. आधी तार आणि खालचा तांब्याचा ठिपका, दोघांनाही ऊब द्यायची. ती मिळाली की कथील आपण होऊन पसरतं, तारेला चढतं, गार झाल्यावर चकाकतं. तुझं सगळं राखाडी, गोळे गोळे. बॅटरीची लाल तार तर नखाने हलली. दार आपटलं की ती सुटायची, परत टेकायची. आणि तू इकडे साठ ओळी लिहीत बसलीस! नळ गळतोय आणि तू बादलीला शिस्त लावतेस.

माझं आयर्न ट्रंकेच्या तळाशी होतं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, मी म्हटलं घड्याळ नको, हे द्या. लाल तारेचा टाका काढला आणि नवा घातला. हात थरथरतो, पण डाव्या मनगटावर टेकवला की गप्प बसतो. मग दार चाळीस वेळा आपटून पाहिलं. दिवा एकदाही विझला नाही. मास्तरीणबाई मात्र वर आल्या, कुणाशी भांडताय म्हणून.

बाकीच्या लेंड्या तशाच ठेवल्यात. धरतायत तोवर धरतील.

आजी

५ जुलै

आजी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं.

साठ ओळी काढून टाकल्या. आठवडा झाला, डबा एकदाही बेशुद्ध पडलेला नाही.

बाबांना विचारलं, आजी कारखान्यात काय करायची? म्हणाले, "कारखान्यात होती." मी म्हटलं, हो, पण काय करायची? जरा विचार करून म्हणाले, "सकाळी जायची, संध्याकाळी यायची." मीही हसू शकत नाही त्यांना, मी तर तेवढंही विचारलं नव्हतं. व्हिडिओतल्या कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांकडून शिकत बसले.

सोबत एक पाटी पाठवतेय, शंभर टाके घातलेत सरावाला. तपासशील?

तुझी खार

११ जुलै

खारे,

शंभरात चौदा. त्यातले दोन दयेचे.

घाई करतेस. कथील लावायच्या आधी मनात तीन म्हण. आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसत जा, ते काळं दिसतंय हे मला इथे बसून कळतं. आणि फुंकर मारू नकोस, टाका म्हणजे चहा नव्हे.

शेवटच्या ओळीतले बरे आहेत. पुढची पाटी पाठव.

आजी

१४ ऑगस्ट

आजी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. मी दोन पाट्या पाठवल्या, त्यांचे मार्कही नाहीत. रागावलीस का?

डबा जुलैभर शहाण्यासारखा वागला. एकही बोंब नाही. पण ऑगस्ट लागल्यापासून वेगळंच सुरू झालंय. एरवी तू त्या दारातून दिवसाला चाळीसेक वेळा जातेस. दोन तारखेला दोनशे बारा. तीनला एकशे नव्वद. चारला दोनशे एकतीस. आजी, तू नाचतेयस का?

आकडे बाबांनीही बघितले आणि विचारायला लागले. मी प्रोग्राम पूर्ण तपासला, त्यात काही नाही. आणि तू शिकवल्यापासून मी आधी टाक्यांकडे बघते. इथून दिसत नाहीत, पण विचार केला की माझे सगळे टाके आधीपासून होते, नवीन एकच आहे. लाल तारेचा. तुझा. चिडू नकोस, पण तोच ढिला पडून आकडे उड्या मारत असणार. आयर्न जुनं आहे, हात थरथरतो, तूच लिहिलंस. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्या वयात आईने केलं तेच खूप."

काळजी करू नकोस. बोंब काही मारलेली नाही, त्यामुळे तिसरी चूक धरायची नाही असं त्यांनी कबूल केलंय. मी नवा डबा करून पाठवते, जुना फेकून दे. पाच सप्टेंबरला तीन महिने भरतात. तोवर शांत गेलं की तू तुझ्या घरात, विषय कायमचा संपला. बाबांनी माझ्यासमोर शब्द दिलाय.

तुझी खार

२० ऑगस्ट

खारे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून म्हटलं, सुटले. दुसऱ्यांदा वाचून चहा केला. तिसऱ्यांदा "केलं तेच खूप" इथे अडकले ते अजून अडकलेलीच आहे.

टाका ढिला नाही.

एक ऑगस्टला संध्याकाळी मी दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. घोटा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हाड शाबूत आहे, पण अठरा दिवस पाय टेकायचा नाही. आता अठरा दिवस मी स्वयंपाकघरात गेले नाही तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता डबा खरी बोंब मारणार आणि तुझा बाप मला ट्रंकेसकट उचलून नेणार. म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांना शपथ घातली. डबा काढून गुडघ्याच्या उंचीवर ठोकून घेतला. मास्तरांच्या दुकानात एक मांजरी आहे, कापडाच्या ढिगावर झोपून असते. दाराच्या या बाजूला एक बशी दूध, त्या बाजूला एक बशी. सकाळी सहाला मास्तरीणबाई मांजरीला वर सोडायच्या आणि माझं जेवणही ठेवून जायच्या. मांजरी इकडची बशी चाटायची, मग तिकडे जाऊन बघायची, तिकडे जास्त आहे का. मग परत इकडे. असला अविश्वासू प्राणी मी पाहिला नाही, पण कामाला पक्की.

दोन तारखेला मास्तरीणबाई काजं करायला घेऊन दिवसभर माझ्याजवळ बसल्या होत्या. गंमत म्हणून मांजरीच्या फेऱ्या मोजत होत्या आणि खडूने जमिनीवर रेघा मारत होत्या. दोनशे बारा झाल्या. तू लिहिलंस दोनशे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही. ज्या डब्याचा टाका ढिला असतो तो इतकं बरोबर मोजतो का? तूच सांग.

गप्प बसले असते तर राहिले असते, हे मला कळतं. माझी शाळा चार इयत्तांची असली तरी तेवढं कळतं. पण मी माझ्या घरात राहायचं आणि तुम्ही दोघांनी जन्मभर म्हणायचं की आजीचा टाका कच्चा निघाला, बिचारी म्हातारी झाली होती, असलं राहणं मला नको. बापाला काय सांगायचं ते सांग. अकरावा मजला तर अकरावा.

नवा डबा पाठवू नकोस. हा चांगला आहे.

आजी

२५ ऑगस्ट

आजी,

पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, लपवून टाकावं. दोन दिवस ते माझ्या बॅगेत होतं. मग वाटलं, तू हे लपवण्यासाठी लिहिलेलं नाहीस. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "अठरा दिवस!" मग म्हणाले, "मांजर?" मग उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आल्यावर टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागले. शनिवारी येतायत. मी खूप बोलले, पण ते ऐकूनच घेत नाहीत.

मला माफ कर. टाक्याबद्दल आधी आणि बाकी सगळ्याबद्दल नंतर.

तुझी खार

२ सप्टेंबर

खारे,

तुझा बाप आला. आल्या आल्या घोटा बघितला, मग डबा बघितला, मग जमिनीवरच्या खडूच्या रेघा मोजायला लागला. साठीचा माणूस, उकिडवा बसून मोजतोय. दोनशे बाराच भरल्या.

मग खाटेवर बसला. "आई, गप्प बसली असतीस तर सुटली होतीस."

"माहीत आहे."

"मग?"

"टाका चांगला होता."

"टाका चांगला होता! पायाचं काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर झालं असतं. टाका तरीही चांगलाच होता."

त्यावर त्याने कपाळाला हात लावला, तो काढेचना. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी म्हणाला, "अठरा दिवस तू मला मांजरीच्या हातून खोटं सांगितलंस. आणि एवढ्याशा कथलासाठी घर सोडायला निघालीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, तेच मला कळत नाही."

मी म्हटलं, "तू मला विचारलंस कधी? डब्याला विचारलंस. डब्याला मी फसवलं. मला विचारून बघायचं होतंस, मी तुझ्या तोंडावर काय सांगितलं असतं ते."

तो खाटेवरून उठला. मग खिडकीतून वाकून टेम्पोवाल्याला म्हणाला, जा. टेम्पोवाला त्याला काहीतरी वाईट बोलला, ते मला कानातलं मशीन नसतं तरी ऐकू आलं असतं.

ठरलं ते लिहून घे. तो डोळा काढून टाकायचा. त्याच्या जागी एक बटण. रोज सकाळी सातला मी बरी असेन तर मी दाबेन. पडले असेन, दुखत असेल, नकोसं वाटत असेल, तर दाबणार नाही. मांजरीने दाबायचं नाही, मास्तरांनी दाबायचं नाही. मी त्याला शब्द दिला.

आणि माझी एक अट. त्याच्याकडेही बटण. तो रक्तदाबाची गोळी घेतो, जिने चढताना थांबतो, मी बघितलं. सून मला कधी खरं सांगणार नाही, तिला वाटतं म्हातारीला कशाला काळजी. तर त्याने सातला दाबलं की माझ्याकडे दिवा लागेल, मी दाबलं की त्याच्याकडे. तो म्हणाला, "मला कशाला गं?" मी म्हटलं, मलाही तेच वाटायचं.

दोन डबे कर. टाके मी तपासणार.

आजी

२१ सप्टेंबर

खारे,

डबे आले, एक माझ्याकडे, एक तुझ्या बापाकडे. माझा उघडून पाहिला. शंभरात एकाहत्तर. तीन टाके मी पुन्हा घातले, कुठले ते सांगत नाही, तुझं तू शोध. बाकीचे माझ्या रांगेत चालले असते.

आज पहिला दिवस होता. सातला मी बटण दाबलं. त्याचा दिवा काही लागला नाही. सव्वासात झाले. मी चहा टाकला. साडेसात झाले. चहा उतू गेला.

मग मी डबा काढला, उघडला आणि पेन्सिल घेऊन एकेका टाक्यावर टकटक केलं. खरं लिहिते, त्या वेळी मनापासून वाटत होतं, एखादा ढिला निघू दे. तुझा निघू दे, माझा निघू दे, कुणाचाही. सगळे पक्के होते.

सात चाळीसला दिवा लागला. मास्तरांच्या फोनवर निरोप आला, चष्मा सापडत नव्हता म्हणे, त्याशिवाय बटण दिसेना.

त्याला सांग, चष्मा दोरीने गळ्यात बांध. सात म्हणजे सात. ती चाळीस मिनिटं मी कशी काढली ते मी त्याला कधी सांगणार नाही. तूही सांगायचं नाही.

आजी